सरकी पेरलेली होडी

पायलला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला आणि तेव्हापासून तिला गप्प बसवू शकेल असा माणूस गावात उरला नाही. विषय होता 'कापसाचे काय करायचे?' पायलनं हातवारे करून सात मिनिटं उत्तर दिलं, परीक्षकांनी मान डोलावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कापूस जिथं होता तिथंच राहिला. म्हणजे घरोघरच्या पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. ते दोन हजार सहा साल होतं. भाव येईल तेव्हा विकू म्हणून लोकांनी कापूस घरात भरला होता, आणि भाव काही येत नव्हता. पायल कापसावरच झोपायची, कापसावरच अभ्यास करायची आणि शिंकत शिंकत नववीत गेली होती.

त्याच मे महिन्यात तिचे मोठेबाबा उकंडा मुंबईहून कायमचे गावी आले. मोठेबाबा म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ. मुंबईला साहेब लोकांचा एक होड्यांचा क्लब होता, तिथं त्यांनी एकतीस वर्षं लाकडी होड्या दुरुस्त केल्या. इकडे सहा एकर वावर आणि दोन म्हशी कौसल्या मोठीमायनं एकटीनं सांभाळल्या. निघण्याआधी मोठेबाबांनी फोन केला होता, "कौसल्ये, सागवानाची मोठी वस्तू आनून राह्यलो. जागा करून ठेव."

मोठीमायनं मनातल्या मनात दिवाण पाहिला. पलीकडच्या हंसाबाईला तर तिनं त्याच्यावरची नक्षीसुद्धा सांगून टाकली. खोलीतला अर्धा कापूस तिनं पायलच्या घरी लोटला (म्हणून त्या शिंका) आणि भिंतीला चुना मारला.

गावातल्याच धरमसिंगचा ट्रक कापसाच्या गाठी मुंबईला टाकून रिकामा परत यायचा, त्यातच बसून मोठेबाबा आले. त्यानं दारात येऊन भोंगा वाजवला. "वहिनी, तुमचा दिवान आला!" एवढं म्हणून तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला.

ट्रकवर चौदा फुटांची होडी होती. शिडाची. तिची डोलकाठी मागून इतकी बाहेर आली होती की वाटेतल्या बोरी अरबच्या बाजारात तिच्यावर कोणीतरी दोन कोंबड्या लटकवल्या होत्या, त्याही उतरवायच्या होत्या.

मोठीमायनं होडीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय व्हय?"

"होडी."

"थे दिसते मले. कायले?"

"साह्यबानं इचारलं, उकंडा, रिटायर होऊन राह्यला, तुले भितीवरचं घड्याय देऊ का हे जुनी होडी देऊ? म्या म्हटलं, होडी द्या."

"घड्याय आनलं असतं त निदान भितीले लागलं असतं. म्या चुना मारला ना!"

होडीच्या बाजूला इंग्रजीत नाव होतं. पायलनं ते मोठ्यानं वाचलं, "डोरोथी!" हंसाबाईनं ते ऐकलं आणि विहिरीवर जाईपर्यंत त्याची दुरपता झाली. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, की कौसल्येच्या नवऱ्यानं मुंबईहून दुरपता नावाची बाई आणली, तिला अंगणात ठेवली आणि तिच्या अंगावर स्वतःचा दुपट्टा टाकला. तिसऱ्या दिवशी मोठीमायचा भाऊ महागावहून तणतणत आला. होडीभोवती दोन चकरा मारल्या, जेवला, आणि कोणालाच काही न बोलता परत गेला.

पायलचं मात्र त्या होडीला पाहिल्या पाहिल्याच ठरलं होतं. ही होडी तीच चालवणार. गावाला लागूनच धरण, धरणाला एवढं पाणी, आणि त्या पाण्यावर आजवर काय तर मासे धरणाऱ्यांच्या टायरच्या ट्यूब आणि म्हशी. तिनं सुट्टीतच वर्गातल्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "मी क्याप्टन हावो." मोठेबाबांनी तिला शीड वर कसं ओढायचं, दोरीला गाठ कशी मारायची, सुकाणू म्हणजे मागचा दांडा डावीकडे ढकलला तर होडी उजवीकडे जाते, हे सगळं अंगणातच शिकवलं. अंगणात ती फार सुंदर होडी चालवायची.

पण यवतमाळचा मे म्हणजे काय चीज आहे ते डोरोथीला माहीत नव्हतं. तिचा जन्म पाण्यातला. सेहेचाळीस डिग्रीत तिच्या फळ्या आकसल्या आणि जूनपर्यंत दोन फळ्यांमधून पायलची पेन्सिल आरपार जायला लागली. मोठीमाय एक दिवस लुगड्याचा पदर खोचून आली आणि वितीनं होडी मोजायला लागली.

"चौदा फूट. दोन्ही म्हशी आरामात खातीन. गव्हान करा याची."

मोठेबाबांचा चेहरा असा झाला की जणू म्हशींनी त्यांनाच खाल्लं. "कौसल्ये, हे पन्नास वर्षाची हाय. असं काम आता कोनी करत नाई."

"मी पचपनची हावो. मले कोनी दुपट्टा टाकला नाई." मोठीमायनं बोट वर केलं. "आयका. पंधरा आगस्टले झेंडा झाला का हे तुमची दुरपता धरनाच्या त्या काठाले जाऊन इकडे वापस आली पाह्यजे. वाऱ्यानं. वल्हं मारून नाई. आली त ठेवा, नाई आली त गव्हान."

"मंजूर!" पायल म्हणाली. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

जुलैत काम सुरू झालं. मोठेबाबा चष्मा पुसून म्हणाले, "आता या फटीत कापूस ठासा लागते. कापूस लागन."

मोठीमाय भाकरी थापत होती, ती तशीच उठून बाहेर आली. हाताला पीठ. "काय म्हटलं? कापूस लागन? अव माय! या गावात कापूस लागते म्हननारा पह्यला मानूस माह्या घरात निघाला! घ्या! खोलीभर घ्या! माह्या उशीतला बी घ्या!"

"मुंबईले आमी परदेशातून मागवो. असे गुंडाळे येत, पट्टीसारखे."

यावर मोठीमायला खालीच बसावं लागलं. "आमाले इथं झोपाले जागा नाई, अन तुमी जहाजानं कापूस आनून जहाजात भरत होते?"

मोठेबाबांनी पायलला सगळं समजावून दिलं. कापूस पिंजून त्याची लांब वात करायची, फटीवर ठेवायची, बोथट छिन्नी लावून लाकडी हातोडीनं आत ठासायची. "अन एक ध्यानात ठेव बेटा. सरकी एक बी राहू द्याची नाई. एक बी!" एवढं सांगून ते पेन्शनच्या कागदासाठी तीन दिवस यवतमाळला गेले.

पायलनं तिची मैत्रीण दीपाला बोलावलं. मुंबईच्या कापसात सरकी नसते, कारण तो यंत्रातून आलेला असतो. घरातला कापूस आला होता थेट वावरातून, बोंडा बोंडात पंचवीस-तीस सरक्या. पहिल्या दिवशी दोघींनी सकाळपासून नखानं सरकी काढली. संध्याकाळी वात झाली दीड हात. होडीला फटी होत्या, मोजल्या तर, जवळजवळ दीडशे हात.

"पायल, आपली दहावी होईन ना त्याच्यात," दीपा म्हणाली.

पायलनं थोडा विचार केला. थोडाच केला, तीच तर चूक झाली. "एवढुशी त सरकी. फटीत जाऊन कोन पाह्यते? उलट जाडी होईन, चांगली बसन."

मग काय विचारता! ठकठक ठकठक, दोन दिवसांत दीडशे हात सरकीसकट ठासून झाले. मोठेबाबा आले, त्यांनी बोटाच्या पेरानं फळ्या वाजवून पाहिल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण आवाज भरीव आला. "वा बेटा! मुंबईच्या मिस्त्रीले बी तीन दिवसात जमलं नसतं."

पायलनं खरं ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यातून 'थँक्यू मोठेबाबा' निघालं.

पुढचं काम म्हणजे होडी बुडवणं. हो, बुडवणं. बैलबंडीवरून डोरोथी धरणावर गेली, काठाच्या उथळ पाण्यात उतरवली आणि मोठेबाबांनी तिच्यात दगड भरले. बुडबुड करत ती खाली बसली. निम्मं गाव पाहायला आलं होतं.

"उकंडाभाऊ," धरमसिंग म्हणाला, "दुनिया बुडू नाई म्हनून होडीत बसते. तुमी होडी बुडवाले मुंबईहून आनली का? मले इथंच फेकाले सांगितली असती. माह्यं डिझेल वाचलं असतं."

"अरे, लाकूड पानी पेते, फुगते, मंग फटी आवयते. डाय भिजू घालत नाई का आपन?"

"घालतो ना. पन दुसऱ्या दिवशी तिचे वडे करतो."

दोन दिवसांनी होडी वर काढली आणि काठावरच्या कडुनिंबाखाली सरळ ठेवली. पुट्टी आणि रंग लागेपर्यंत ती पुन्हा वाळू नये म्हणून तिच्यावर ओलं बारदान झाकलं. दोन वेळा पाणी मारायचं काम मोठीमायकडे आलं, कारण तिच्या म्हशी तिथंच डुंबायला यायच्या. "गव्हानीवर पानी माराले काई हरकत नाई," म्हणत ती रोज सकाळ-संध्याकाळ बादली ओतायची. नेमानं. एक दिवस चुकला नाही.

बारा ऑगस्टला पायल, मोठेबाबा आणि मोठीमाय पुट्टीचं सामान घेऊन गेले. मोठेबाबांनी बारदान उचललं.

आत हिरवंगार.

तळापासून वरच्या फळीपर्यंत, प्रत्येक फटीतून कापसाची रोपं आली होती. कशी? ओळीत. दोन दोन पानांची, ताठ, तिफणीनं पेरल्यासारखी. होडीखाली वाकून पाहिलं तर पांढरी मुळं लोंबत होती, बोकडाच्या दाढीसारखी.

 एक म्हैस तेवढी ओरडली.

"पायल," मोठेबाबा फार हळू म्हणाले. "सरकी?"

"दीपा बी होती," पायल म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "पन डोकं माह्यं होतं, मोठेबाबा. तिनं नुसतं ठोकलं."

मोठेबाबा दगडावर बसले. पायलला वाटलं, त्यांनी ओरडावं, एक चापट मारावी. त्यांनी फक्त दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "सगयं उपटा लागते. नवा कापूस ठासा लागते. आठ दिवस लागते. अन दिवस हाय तीन."

"उपटते मी! आताच्या आता!" पायलनं हात घातला आणि तिच्या हातावर फटका बसला.

मोठीमायचा होता. तिचे डोळे चमकत होते. "खबरदार! वावरात म्या यंदा पाकिटातलं बी दोनदा पेरलं. दोनदा! अर्धं उगवलं नाई. अन हे पाह्य, एक खाडा नाई. उगवलं पीक कोनी उपटते काय?"

"मंग तारीख वाढव, मोठीमाय!"

"तारीख तेच."

"मंग उपटू दे!"

"पिकाले हात लावाचा नाई."

दोन्हीकडून दार बंद! पायल रडणारच होती, पण मोठेबाबा उठले, फटी दाबून पाहिल्या आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "सरकी बी फुगली हाय लेकाची. गच्च बसली. बाहेरून मुयं कापू, पुट्टी चोपडू. एखादा तास टिकन. जास्ती नाई." आणि ते खडूची पूड आणि जवसाचं तेल मळायला बसले.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला आणि शाळा एका रांगेत धरणावर आली. डोरोथीला बाहेरून निळा रंग, आतून हिरवी शेती. शिडाला दोन भोकं होती, त्यांना मोठीमायच्या जुन्या लुगड्याची ठिगळं. पायल गणवेशातच होती, रिबिनी ताठ. तिनं सगळ्या शाळेदेखत सलाम ठोकला.

"चला मोठेबाबा!"

मोठेबाबा काठावरच उभे. "जा बेटा तू."

"अन तुमी?"

ते पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागले. "मले... चालवता नाई येत."

"एकतीस वर्षं!" मोठीमाय किंचाळली.

"मी नीट करत होतो, कौसल्ये. चालवत साह्यब लोक होते. आपल्याले कोन बसवते? मी काठावरून पाहो."

 मोठीमायनं नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू आज पहिल्यांदाच पाहत होती. मग तिनं पदर खोचला, त्यांच्या दंडाला धरलं आणि पोतं टाकावं तसं त्यांना होडीत टाकलं. "बसा! एकतीस वर्षं पाहून पाहून काई त डोक्यात राह्यलं असंन. मी बी येतो. माह्या पिकात कोनी पाय ठेवला त मंग पाह्यजा."

वारा काठावरून आत वाहत होता. शीड फुगलं आणि डोरोथी निघाली! खरंच निघाली! मागं पोरांचा आरडाओरडा, पुढं पाणी चिरत जाणारं नाक. पायलच्या हातात सुकाणू जिवंत असल्यासारखं थरथरत होतं. अंगणातलं सुकाणू कधी थरथरलं नव्हतं. वीस मिनिटांत पलीकडचा काठ आला. मोठीमायनं हात लांबवून तिथल्या बेशरमाच्या झाडाचं एक पान तोडलं. पुरावा म्हणून.

"आता वापस," पायल ऐटीत म्हणाली आणि तिनं होडी फिरवली.

शीड फडफडलं. होडी थांबली आणि उलटी उलटी जाऊन बेशरमात घुसली. पुन्हा ढकलली, पुन्हा घुसली. गावाकडे जायचं म्हणजे आता वारा थेट तोंडावर होता.

"काहून चालून नाई राह्यली?" मोठीमायनं विचारलं. तळाच्या ओळीत पाणी पाझरायला लागलं होतं. मुळं कापली तिथली पुट्टी सुटत होती.

पायलनं गावाकडे पाहिलं. सगळी शाळा पलीकडं उभी, आणि तिच्या डोळ्यांपुढं चौदा फूट गव्हाण, दोन्ही टोकांना दोन म्हशी. वाऱ्याच्या तोंडावर कसं जायचं? मग तिला शाळेचा चढ आठवला. समोरून वारा असला की तो चढ सरळ चढताच येत नाही. सायकल या कडेहून त्या कडेला, त्या कडेहून या कडेला, तिरपी तिरपी न्यावी लागते. ट्रकवाले शिव्या देतात, पण माणूस वर पोचतो.

"मोठेबाबा! तिरपं गेलो त?"

मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली. "अरे हो! साह्यब लोक बी असेच आडवेतिडवे जात! मले वाटे, पेऊन चालवते!"

पायलनं शीड ओढून धरलं, तिरपी दिशा घेतली, आणि डोरोथी एका अंगावर कलून सरसर निघाली. वळायच्या वेळी शिडाखालची आडवी काठी भर्रकन या बाजूची त्या बाजूला गेली आणि मोठेबाबांच्या टाळक्यात बसली. दुसऱ्या वळणालाही बसली. तिसऱ्या वळणाला ते आधीच झोपले, तर काठी मोठीमायला लागली. तिनं काठीला अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही.

गाव जवळ यायला लागलं. पण पाणीही वर यायला लागलं. मोठीमाय कललेल्या बाजूला ओणवी होऊन डब्यानं उपसत होती, एका हातानं रोपं सांभाळत होती. "बुडालं माह्यं पीक! पाह्य, दोन ओळी गेल्या!" तिच्या वजनानं होडी आणखीच त्या बाजूला झुकली, आणि होडीच्या कडेला पाणी लागलं.

पायलनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गावाकडे. मग ती ओरडली. मोठीमायवर घरात कोणी ओरडत नाही, म्हशीसुद्धा नाही. "मोठीमाय! पीक सोड अन वरच्या बाजूले वजन टाक! वखरावर उभी राह्यते तशी! नाई त उलटून राह्यली!"

मोठीमायनं मान वर केली. रोपांकडे पाहिलं. हिरवीगार, ओळीत उभी, एक खाडा नाही.

"मेल्या पिकानं जीव लावला होता मले," ती म्हणाली, आणि रोपांच्या मधोमध पाय रोवून, तुडवत, होडीच्या वरच्या कडेवर गेली. दोरी धरली, सगळं अंग बाहेर झोकून दिलं. तीस वर्षं वखरावर उभं राहून कमावलेलं वजन होतं ते. होडी ताडकन सरळ झाली आणि अशी सुटली, अशी सुटली की मोठेबाबांचा चष्मा पाण्यात गेला.

"हान पायल! हान!" मोठीमाय लुगडं फडफडवत ओरडत होती. "दाब अजून! काय झोपली काय!"

काठ वीस हातांवर आला आणि पुट्टीनं राम म्हटला. पाणी सगळीकडून एकदम आलं. डोरोथी बसत बसत, बसत बसत पुढं सरकली आणि चिखलाला टेकली. शीड वर तसंच फुगलेलं. आत तिघं छातीभर पाण्यात, बाकावर सरळ बसलेले, फोटो काढायला बसतात तसे. भोवती रोपं तरंगत होती.

धरमसिंग कमरेभर पाण्यात आला. "वहिनी, न्याय करा. आली म्हनाची का बुडाली म्हनाची?"

सगळं गाव मोठीमायकडे बघायला लागलं.  मोठेबाबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी तेही तिकडेच पाहत होते.

मोठीमायनं केसातलं एक रोप काढलं. "आली," ती म्हणाली.

"पन वहिनी, पानी त—"

"पानी बी आलं. दोघं बी आले. मी अंदर होतो का तू?"

मग गलका असा उठला की म्हशी पाण्यातून पळाल्या. मोठेबाबा हसत होते का रडत होते, ते ओल्या तोंडावर कळत नव्हतं. पायलनं त्यांच्या गळ्यात हात टाकला.

"पुरे झाले लाड," मोठीमाय म्हणाली. "बाहेर उतरू नका कोनी. पायल, तो मांगचा दांडा इकडे दे. वळताना कोन्या बाजूले ढकलाचा, थे सांग मले. अन काठी फिराच्या आधी सांगजो."

"पन मोठीमाय, होडी बुडलेली हाय."

"मंग चांगलंच हाय ना. शिकेपर्यंत कुठं पयून जाईन?"

काठावरून कोणीतरी शाळेची जिलेबी फेकली. मोठेबाबांनी ती हवेतच झेलली, चष्म्याशिवाय, आणि तिचे तीन तुकडे केले.